खालील अटीवर मंजूर

"एकोणीस," टोकदार बाथरूमच्या बंद दाराबाहेरून म्हणाले.

आतला पाण्याचा आवाज थांबला.

"काय एकोणीस?" बायकोनं आतून विचारलं.

"मग. एकोणीस मग झाले. काल सतरा झाले होते."

"अहो, तुम्ही दाराबाहेर उभे राहून माझे मग मोजताय?"

"सरासरी काढायचीय. तू चालू ठेव, माझ्याकडे लक्ष देऊ नकोस."

"साठी उलटली तरी वही घेऊन बाथरूमच्या दाराशी उभं राहायचं. सून जिन्यावरून खाली आली तर काय म्हणेल?"

"तिचं मी तिच्यावरच सोपवलंय. तक्ता आखून दिलाय तिला. रोज भरायचा."

एक मगभर पाणी दाराच्या आतल्या बाजूवर फाडकन आपटलं. टोकदारांनी वहीत 'वीस' लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात 'वाया' अशी नोंद केली.

टोकदार हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात बत्तीस वर्षं ते नकाशे काढायला होते आणि पेन्सिलीला टोक केल्याशिवाय कागदाला हात लावत नसत, म्हणून कुणीतरी कधीतरी हे नाव ठेवलं आणि ते ऑफिसातून घरी आलं, घरातून गल्लीत गेलं. स्वभावाला म्हणाल तर टोक असं कुठेच नव्हतं. साहेब ओरडले तरी 'हो साहेब' आणि शिपाई ओरडला तरी 'हो बाबा'. टोक जे काही होतं ते सगळं बायकोच्या जिभेला गेलं होतं. गल्लीतले लोक तिला टोकदारीणबाई म्हणत, ते अगदी मनापासून म्हणत.

घरामागे अंगण होतं. भिंतीच्या बरोबर मधोमध बाथरूम, आणि बाथरूमकडे पाठ करून उभं राहिलं की उजव्या हाताला बाईंची बाग: सात गुलाब, मोगऱ्याचं एक झुडूप, चार मिरच्या आणि पार कोपऱ्यात, मागच्या गल्लीच्या फाटकाजवळ, लिंबाचं झाड. मुलगा दहावीला होता त्या वर्षी बाईंनी एक बी सहज मातीत खुपसली होती, तिचं हे झाड. डाव्या हाताला काहीच नव्हतं. म्हणजे, एक बंद पडलेली स्कूटर, फुटक्या कौलांचा ढीग आणि 'कधीतरी लागेल' या नावाखाली ठेवलेलं बरंच काही होतं.

नळाला पाणी दिवसाआड यायचं, तेही जेमतेम. त्यामुळे बाई आंघोळीचं आणि धुण्याचं पाणी टपात धरून ठेवत आणि रोज सकाळी बादलीनं बागेला घालत. चार बादल्या. शेवटची लिंबाला. ती ओतून झाली की रिकामी बादली हातात धरून, दुसरा हात बुंध्यावर टेकून बाई तिथे बराच वेळ उभ्या राहत. टोकदार खिडकीतून चहा पीत पीत विचारत, "काय बघतेस गं झाडात एवढं?"

"काही नाही," बाई म्हणत.

टोकदारांना बायकोचं हे झाडवेड मनातून आवडायचं. मदतीचंही त्यांनी एकदा विचारलं होतं. "आण, मी नेतो बादली." त्यावर बाई म्हणाल्या होत्या, "राहू द्या, तुम्ही सांडाल." टोकदारांनी हे म्हणणं इतक्या तत्परतेनं मान्य केलं, की पुढे बारा वर्षं तो विषय घरात निघाला नाही.

आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी बाईंच्या गुडघ्याचा फोटो उजेडाकडे धरला आणि सांगितलं, वाटी झिजली आहे, आता वजन उचलायचं नाही. त्याच संध्याकाळी टोकदारांनी माळ्यावरून आपला लाकडी बोर्ड खाली काढला, त्यावरची धूळ झटकली आणि जाहीर केलं, "पाणी आता आपल्या पायांनी बागेत जाईल."

"कधी?" बाईंनी विचारलं.

"नकाशा झाला की."

नकाशा म्हणजे काय, हे बाईंना अजून कळायचं होतं. पहिला महिना मग मोजण्यात गेला. दुसऱ्या महिन्यात स्वयंपाकघराचं पाणी घ्यायचं की नाही यावर विचार झाला. तेलकट पाण्यानं पाइप तुंबतो, म्हणून ते वगळलं. मग केस अडवायला जाळी आली, जाळीनंतर खडी आणि वाळूचा छोटा हौद आला, आणि ज्या दिवशी बाथरूममध्ये फिनाइल ओततात त्या दिवशी पाणी गटाराकडे वळवायला एक चावी आली. हौदापासून लिंबापर्यंत अडीच इंची पाइप, लांबी अकरा मीटर चाळीस, उतार शंभराला एक. प्रत्येक बदलाला नवा कागद, आणि प्रत्येक कागदाला ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे अक्षर: सुधारणा क, सुधारणा ख, सुधारणा ग. 'सुधारणा ङ' आली तेव्हा तिचा उच्चार कसा करायचा हे घरात कुणालाच सांगता येईना, म्हणून ती लवकर रद्द झाली.

"अहो, ज्ञ येईपर्यंत माझे गुडघे पुरतील का?" बाई बादली उचलत विचारायच्या. डॉक्टरांनी नाही म्हटलं म्हणून झाडांची तहान काही थांबत नव्हती.

"घाईत केलं की आयुष्यभर निस्तरावं लागतं," टोकदार म्हणायचे.

खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, तीन चौकटी असतात. पहिलीत 'आरेखन', दुसरीत 'तपासले', तिसरीत 'मंजूर'. बत्तीस वर्षं टोकदारांनी पहिल्या चौकटीत मोहरीएवढ्या अक्षरांत सही केली. तिसरीत अकरा वेगवेगळ्या साहेबांनी केली. तिसरी भरली की कागद त्यांच्या टेबलावरून जायचा आणि पुन्हा कधी दिसायचा नाही. कुठे पाइप पडले, कुठे पाणी गेलं, कुणी प्यालं, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. ते फिरतीवर जाणाऱ्यांचं काम होतं. आता घरचा कागद तयार होता, दोन चौकटी त्यांनीच भरल्या होत्या, पण तिसरीपाशी हात अडायचा. मंजुरी नसताना काम सुरू कसं करायचं? मग ते पुन्हा बोर्डावर वाकायचे आणि काहीतरी सुधारायचे.

असं 'सुधारणा ज'पर्यंत चाललं. मग एका संध्याकाळी मुलगा वरच्या मजल्यावरून चहाला खाली आला. स्वभावानं तो चांगला होता. त्याला फक्त गोष्टी संपलेल्या आवडायच्या.

"आई, सोमवारी फरशीवाला येतोय," तो म्हणाला. "फाटकाकडची सगळी बाजू फरशी घालून टाकू. गल्लीत उभी राहून गाडीला रोज कुणीतरी ओरखडे काढतंय. आणि तुझ्या बादल्या सुटतील. मी तुझ्या गुडघ्यासाठीच म्हणतोय."

"गाडीच्या गुडघ्यासाठी म्हण," बाई म्हणाल्या.

"दोन्ही. बाबांना आठ महिने दिले ना आपण?"

"आणि लिंबू?"

"आई, लिंबं बाजारात मिळतात."

टोकदारांनी मान खाली घातली आणि बायको आता याला कसा सोलून काढते याची वाट पाहिली. पण बाई काही बोलल्याच नाहीत. त्यांनी कप गोळा केले, विसळले, पालथे घातले आणि अंगणात जाऊन लिंबाची वाळकी पानं खुडत बसल्या. टोकदारांना एकदम भीती वाटली. भांडत होती तोवर ठीक होतं. ही बाई गप्प बसली, म्हणजे तिनं बाग सोडली. आणि ती त्यांच्यामुळे सुटत होती, त्यांच्या टोक केलेल्या पेन्सिलीमुळे. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

त्यांनी प्लंबरला फोन लावला.

प्लंबरला गल्लीत 'होऊन-जाईल' म्हणत, कारण नळ गळो, टाकी फुटो की घर वाहून जावो, त्याचं उत्तर तेवढंच असायचं. तो शुक्रवारी सकाळी आठला आपल्या मेहुण्याला आणि एका कुदळीला घेऊन हजर झाला. टोकदारांनी त्याला हौद समजावला, जाळी समजावली, चावी समजावली.

"आणि उतार शंभराला एक. कमी नाही, जास्त नाही. कमी झाला तर पाणी साचेल, जास्त झाला तर पाणी पळेल आणि साबणाचा गाळ मागे राहील."

"म्हणजे दहा फुटाला सव्वा इंच," होऊन-जाईल म्हणाला.

टोकदारांनी त्याच्याकडे नव्या आदरानं पाहिलं. "एक पूर्णांक दोन."

"होऊन जाईल, काका."

खरं तर टोकदारांना दिवसभर तिथे खुर्ची टाकून बसायचं होतं. पण पेन्शनीच्या दाखल्याचा तो शेवटचा दिवस होता. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा बँकेच्या खिडकीपाशी जाऊन सांगावं लागे, आणि शेवटच्या दिवशी न सांगितल्यास सरकार वाईटात वाईट तेच धरून चालत असे. निघताना त्यांनी 'सुधारणा ज'चा ट्रेसिंग पेपर नीट गुंडाळला आणि होऊन-जाईलच्या हातात दिला. मंजुरीची चौकट कोरी होती. कागदाचं एक टोक त्यांनी बराच वेळ सोडलं नाही.

"एवढं का घाबरताय? लढाईवर नाही पाठवत आहात," बाई मागून म्हणाल्या.

जिवंत असल्याचं सिद्ध व्हायला सहा तास लागले. आधी खिडकीतला माणूस जेवायला गेला, मग मशीन टोकदारांचा अंगठा ओळखेना. बत्तीस वर्षं पेन्सिल आणि पट्टी धरून अंगठ्याच्या रेघा पुसल्या गेल्या होत्या. "काका, तुम्ही तुम्हीच आहात ना?" खिडकीतल्यानं विचारलं. टोकदार म्हणाले, आहे, नक्की आहे. चौथ्या प्रयत्नाला मशीनलाही ते पटलं.

साडेचारला ते घरी पोचले ते थेट अंगणात. काम झालं होतं. चर बुजवून माती चोपून बसवली होती, हौदावर झाकण होतं, आणि होऊन-जाईल बाईंच्या हातचा चहा पीत पायरीवर बसला होता.

टोकदारांनी उजवीकडे पाहिलं. बाग जशीच्या तशी होती, एक ढेकूळसुद्धा हललेलं नव्हतं. मग त्यांनी डावीकडे पाहिलं. ताज्या मातीचा सरळसोट पट्टा हौदापासून निघून, कौलांच्या ढिगाला वळसा घालून, बंद पडलेल्या स्कूटरच्या मागच्या चाकापाशी जाऊन थांबला होता.

"हे काय?" टोकदार म्हणाले.

"अकरा मीटर चाळीस, काका. टेप लावून बघा."

"अरे, पण डावीकडे कुठे गेलास? बाग उजवीकडे आहे."

होऊन-जाईलनं चहाचा कप खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि कागद उघडून दाखवला. "हे बाथरूम. हा हौद. ही लाइन. डावीकडेच आहे की."

टोकदारांनी कागद पाहिला. बाथरूम मधोमध, लाइन डावीकडे. आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात तीन चौकटी, आणि त्यांतली सगळी अक्षरं उलटी, आरशात दिसावीत तशी.

चूक त्यांची होती आणि ती फक्त त्यांच्या धंद्यातल्या माणसाच्याच हातून होऊ शकली असती. नकाशे काढणारे लोक ट्रेसिंग नेहमी रेघा बाहेर ठेवून गुंडाळतात, म्हणजे उलगडल्यावर कागद टेबलावर चापून बसतो, कडा वर येत नाहीत. ऑफिसात हे शिपायालाही माहीत असतं. शिवाय ट्रेसिंग कधी कामावर जातच नाही, कामावर त्याची छापलेली प्रत जाते. पण जगातली बाकी सगळी माणसं गुंडाळी आतून वाचतात. होऊन-जाईलनं ती तशीच उलगडली, आणि कागद पारदर्शक असल्यामुळे त्याला पाठीमागून सगळी योजना स्वच्छ दिसली.

"आणि अक्षरं?" टोकदारांनी क्षीण आवाजात विचारलं. "अक्षरं उलटी दिसली नाहीत तुला?"

"दिसली ना. पण सरकारी कागद मला सुलटा धरला तरी कळत नाही, काका. मला वाटलं, असंच असतं. मापं तर तुम्ही तोंडी सांगितली होती."

"ही झाडांची वर्तुळं आहेत. तिथे स्कूटर आहे, हे दिसलं नाही?"

"म्हटलं, स्कूटर काढून झाडं लावणार असाल." त्याचा चेहरा आता पडला होता. "खरं सांगू? मला शंका आली होती. डावीकडची जमीन मधेच उंच आहे. नळीत पाणी भरून लेव्हल बघितली तर हातभर जास्त खोदावं लागणार होतं. मेहुणा म्हणाला, काहीतरी गडबड आहे. मी म्हटलं, गप खोद. काकांनी आठ महिने बसून काढलंय, ते काय उगाच काढतील? जमीन नको म्हणत होती, कागद हो म्हणत होता. मी कागदाचं ऐकलं."

रागवायचं टोकदारांना तसंही कधी जमलं नव्हतं. आणि इतक्या वर्षांत त्यांच्या कागदाचं इतकं कुणी ऐकलेलंही नव्हतं.

"आणि तू?" ते बायकोकडे वळले. "तू दिवसभर इथेच होतीस ना?"

"होते."

"काही बोलली नाहीस?"

"बोलणार होते. पण म्हटलं, आठ महिने माणूस वही घेऊन हिंडतोय, त्यात काहीतरी शास्त्र असेल." बाई स्कूटरकडे बघत होत्या. "आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या कामात तोंड घातलं नाही मी. बघा काय झालं."

होऊन-जाईल उद्यापासून महिनाभर दुसऱ्या गावी एका मोठ्या इमारतीच्या कामावर जाणार होता. पुन्हा खोदायचं तर तो परत आल्यावर. सोमवार तर परवाच्या पलीकडे होता. त्या संध्याकाळी जेवताना मुलानं विचारलं, "झालं का बाबा काम?" तर टोकदार म्हणाले, "झालं," आणि ते खोटं नव्हतं.

शनिवारी सकाळी बाई टॉवेल घेऊन बाथरूमकडे निघाल्या. टोकदार खुर्चीत बसले होते. वही बंद होती.

"उठा," बाई म्हणाल्या.

"कशाला?"

"पाइपाच्या तोंडाशी जाऊन उभे राहा. चुकीचा असला तरी गळतोय का, तुंबलाय का, बघायला नको? निदान पाणी पुढे जातं की नाही ते तरी कळू दे."

टोकदार गेले आणि स्कूटरच्या सीटवर बसले. सीटमधून स्पंज बाहेर आला होता. आतून बाईंचा आवाज आला. "एक." मग पाण्याचा आवाज. "दोन." सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात बाई स्वतःचे मग मोजत होत्या. पाच झाले, सहा झाले. पाइपाचं तोंड कोरडं होतं. त्यातून एक मुंगळा बाहेर आला आणि इकडेतिकडे बघून परत आत गेला. नऊ झाले. टोकदारांनी मनातल्या मनात हौदाची खोली, वाळूचा थर, सगळं पुन्हा तपासलं. आपला उतारही चुकला असणार, असं त्यांना वाटलं.

बाराव्या मगाला मुंगळा घाईघाईनं बाहेर पळाला आणि त्याच्यामागून पाणी आलं. आधी बोटभर धार, मग चांगली मनगटाएवढी. वर थोडासा साबणाचा फेस होता. ना साचलं, ना पळालं. शंभराला एक या चालीनं आलं आणि कोरड्या जमिनीवर पसरत स्कूटरच्या चाकाखाली गेलं. टोकदारांनी पाय वर घेतले. त्यांनी काढलेल्या रेघेतून पाणी येताना ते पहिल्यांदा बघत होते. बत्तीस वर्षांत किती मैल रेघा काढल्या असतील, त्यांतल्या एकीतूनही नाही. ते रडत होते हे त्यांना थोड्या वेळानं कळलं.

"आलं का?" आतून बाई ओरडल्या.

"आलं," टोकदार स्वतःशीच म्हणाले.

"अहो, आलं का?"

"आलं गं. आलं."

बाई ओले केस टॉवेलात गुंडाळून बाहेर आल्या. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, सीटवर पाय घेऊन बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांबद्दल काहीही न बोलता कमरेवर हात ठेवून त्या डाव्या बाजूचा अंदाज घेऊ लागल्या. सकाळचं ऊन तिथेही बऱ्यापैकी येत होतं, हे त्यांना इतक्या वर्षांत आज दिसलं.

"पाइप हलत नसेल तर झाडं हलतील," त्या म्हणाल्या.

"काय?"

"गुलाब हलतात. मोगरा हलतो. मिरच्या तर काय, कुठेही येतात. त्या स्कूटरवरून उतरा आधी. ज्याची आहे त्याला बोलवा."

स्कूटर मुलाची होती, कॉलेजातली. ती ठेवा असं त्यानंच म्हटलं होतं आणि तोच ती विसरला होता. रविवारी सगळं घर अंगणात उतरलं. मुलानं आणि सुनेनं स्कूटर ओढून काढली, कौलं हलवली. बाई पायरीवर स्टूल टाकून बसल्या आणि तिथून त्यांनी एकेका झाडाच्या मुळाला किती माती ठेवायची याच्या इतक्या सूचना दिल्या, की सुनेनं विचारलं, "आई, याचा तक्ता नाही का करून देणार?" मग ती हळूच टोकदारांना म्हणाली, "बाबा, तुमचा तक्ता मी भरला नाही. फ्रीजवर लावला होता, माझ्या मैत्रिणींना फार आवडला."

संध्याकाळपर्यंत बाग डावीकडे गेली. उजवी बाजू मोकळी झाली, फाटकासमोर, गाडीला पुरेल अशी. आपल्याला हवं होतं ते आपल्याला मिळालं आहे, आणि तेही दुसऱ्याच कुणाच्या तरी विजयात, हे मुलाच्या हळूहळू लक्षात आलं.

"मग फरशी घालू ना?" त्यानं जपून विचारलं.

"घाल की. फाटकापासून लिंबाच्या आळ्यापर्यंत. आळ्यात एक फरशी पडली तर बघ."

"लिंबाच्या काट्यांनी गाडीला ओरखडे येतील, आई."

"ओरखड्यांवर लावायचा रंग बाजारात मिळतो," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या जिभेला परत टोक आलं हे ऐकून टोकदारांना फार बरं वाटलं.

लिंबू काही हलणार नव्हतं. इतक्या वर्षांचं झाड, त्याची मुळं कुठवर गेली असतील कोण जाणे. ते आपल्या कोपऱ्यात राहिलं आणि पाइप राहिला दुसऱ्या टोकाला. टोकदारांच्या डोक्यात लगेच 'सुधारणा झ'ची रेघ हलायला लागली: फरशीखालून एक फाटा, एक टी-जोड, दोन बेंड.

सोमवारी सकाळी फरशीवाल्याचा ट्रक फाटकाशी लागला होता तेव्हा टोकदार नवा कागद घ्यायला बोर्डापाशी गेले. बोर्डासमोरच्या खिडकीच्या काचेला 'सुधारणा ज' चिकटवलेली होती, पाठीमागची बाजू पुढे करून, म्हणजे अंगणात जसं झालं होतं अगदी तशी. चौकटी उलट्या दिसत होत्या. तिसरी कोरी नव्हती. पाठीमागून, सुलट वाचता येईल असं, किराणा मालाची यादी करायच्या बॉलपेननं लिहिलेलं होतं: 'खालील अटीवर मंजूर.' त्याखाली अट होती: 'लिंबाला रोज एक बादली. हातानं. आरेखकाच्या.' आणि त्याखाली बाईंची पूर्ण नावाची सही, सावकाश काढलेली, चौकटीत न मावून बाहेर आलेली.

टोकदारांनी ते दोनदा वाचलं. अकरा साहेब झाले, पण इतकी स्पष्ट मंजुरी कुणी दिली नव्हती. त्यांनी नवा कागद परत ठेवला.

बादली बाथरूमच्या दाराशी भरून ठेवलेली होती. मशीनमधलं धुण्याचं पाणी, काठोकाठ. टोकदारांनी ती उचलली आणि लगेच खाली ठेवली. मग पुन्हा उचलली. कागदावर अकरा मीटर चाळीस म्हणजे बोटभर रेघ होती. दहाव्या पावलाला खांद्यातून कळ आली, पंधराव्याला बादलीची कडी बोटांत रुतली. विसाव्याला थोडं पाणी पायजम्यावर सांडलं. पायरीवरून बाईंचा आवाज आला, "एकवीस. बावीस. सांडताय."

"मोजू नकोस गं," टोकदार म्हणाले.

"सरासरी काढायचीय."

सत्ताविसाव्या पावलाला लिंबू आलं. टोकदारांनी बादली ओतली. मातीनं पाणी घेतलं. त्यांनी परत फिरायला म्हणून पाऊल उचललं, पण पाऊल उठेना. गुडघ्याला कंप सुटला होता आणि श्वास छातीत मावत नव्हता. त्यांनी एका हातात रिकामी बादली धरली आणि दुसरा हात बुंध्यावर टेकला. बुंध्याला तिथे, तेवढ्याच उंचीवर, साल गुळगुळीत झालेली होती. ते तसेच उभे राहिले. समोर पानं होती, काटे होते, एक पिवळं पडत आलेलं लिंबू होतं, आणि त्यातलं काहीही त्यांना दिसत नव्हतं.

"अहो," पायरीवरून बाईंनी विचारलं, "काय बघताय झाडात एवढं?"

टोकदारांना आधी श्वास जमवावा लागला.

"काही नाही," ते म्हणाले.